पावतीवर न येणारा खर्च

आजचा एपिसोड सिल्व्हर पार्कच्या आमच्या हॉलमध्येच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे रिक्षांचे हॉर्न येतील. सांभाळून घ्या.

मी कोडिंग करणारा माणूस. घरात काहीही झालं की आधी एक्सेल उघडतो. गेल्या वर्षी भुसावळजवळच्या गावाहून मामा-मामी आमच्याकडे आले. मामांना तोंडाचा कॅन्सर. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ट्रीटमेंट सुरू झाली आणि मी शीटमध्ये दोन कॉलम केले. एक पावत्यांचा, दुसरा ‘इतर’.

मला भीती होती पहिल्या कॉलमची. पण मामांचं नाव जनरल कॅटेगरीत होतं, वर महात्मा फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. ऑपरेशन त्यात बसलं. फुगत गेला तो ‘इतर’. रेडिएशन म्हणजे आठवड्याचे ५ दिवस, असे ६ आठवडे. मीरा रोडहून दादर, पुढे टॅक्सी. गर्दीत मामांना उभं राहवेना म्हणून कधी घरापासूनच कॅब. गिळता येत नाही म्हणून प्रोटीन पावडर. तिकडे केळीच्या बागेवर ठेवलेला गडी, आणि मामींची बुडालेली मजुरी. या शेवटच्या दोन्हींसाठी मी रकानाच ठेवला नव्हता.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर मामा पिशवी भरून दारात बसलेले. बोलायला त्रास व्हायचा, म्हणून वहीत लिहून दाखवलं: ‘भाच्या, म्हैस विकली. आता पुढं काय विकू?’

म्हैस विकल्याचं आम्हाला तेव्हा कळलं. आईने काही न बोलता पिशवी आत नेली.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटलो. हे पहिल्या दिवशीही करता आलं असतं. पण लाज वाटत होती हो, उगाच का लपवू! चांगला पगार असलेल्या पोराने मदत कशी मागायची? तिथे कळलं, कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा दाखला लागतो. लोकलच्या दिव्यांग डब्यातही त्यांना बसता येतं. आम्ही महिनाभर कॅबचे पैसे भरत होतो! बाहेरगावच्या पेशंटसाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळाही आहे.

२०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने कॅन्सरच्या एका औषधासाठी सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं औषध ८,८०० वर आलं. केवढी बातमी झाली होती, आणि व्हायलाच हवी होती. पण आमचा पेशंट औषधाच्या किमतीमुळे नाही, रोजच्या जाण्यायेण्यामुळे घरी निघाला होता.

तर तुमच्या घरी कुणाची ट्रीटमेंट सुरू होत असेल, तर केसपेपर काढला की त्याच दिवशी समाजसेवकांना भेटा. आणि ‘गावाकडे काय विकलं?’ हे स्वतःहून विचारा. ते आपणहून सांगत नाहीत.

मामांचं रेडिएशन पूर्ण झालं. पुढच्या महिन्यात चेकअप आहे, मामांचं तिकीट शून्य रुपयांचं. म्हैस अजून परत आलेली नाही.