चित्राचा स्वर

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत पैठण शैलीचीं जुनीं चित्रें आहेत. विद्यार्थी तीं पाहतात म्हणजे काय करतात? हा राम, हा रावण, असें वहींत टिपतात आणि पुढें सरकतात. शाळेनें त्यांना तेवढेंच पाहावयास शिकविलेलें असतें.

परंतु हीं चित्रें मुकीं नव्हतीं. चित्रकथी एकेक पान लोकांपुढें धरी आणि गाऊन, बोलून कथा सांगे. बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांतहि अशा कथेकऱ्याचा उल्लेख आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर मंडळींनीं ही कला आजहि राखली आहे. चित्रांतील चेहरे बहुधा एका बाजूनें दाखविलेले, डोळे मोठे, वाटोळे. क्रोधाचा चेहरा आणि शोकाचा चेहरा पुष्कळदां सारखाच. भेद होई तो आवाजानें!

म्हणून "हें कोण?" असें मी विद्यार्थ्यांस विचारीत नाहीं. "हा काय बोलत असेल, आणि कोणत्या स्वरांत?" असें विचारतों. "तूं आलास?" हे दोनच शब्द एकानें आनंदानें, दुसऱ्यानें संशयानें, तिसऱ्यानें दरडावून उच्चारावे. त्या उगारलेल्या हाताशीं, वळलेल्या मानेशीं कोणता उच्चार जुळतो, यावर मग चांगलाच वाद माजतो. आणि वादासाठीं कां होईना, मुलें चित्र पुन्हां पुन्हां न्याहाळतात, एकमेकांचा स्वर कान देऊन ऐकतात. परीक्षेंत याला गुण नाहींत, ही अडचण मात्र आहेच.