शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तर

(इंदिरानगर, नाशिक येथील पालक मेळाव्यातील भाषण)



कॉलेजात प्रवेश मिळाला की घरात आनंद होतो. पुढे कधीतरी शिष्यवृत्तीचा अर्ज परत आल्याचे कळते. "नशिबात नव्हते" म्हणून आपण गप्प बसतो. फी थकते, आणि ओढाताण वाढली की घरात आधी मुलीचे शिक्षण थांबते. म्हणून आज एकच गोष्ट सांगतो. परत आलेला अर्ज म्हणजे नकार नव्हे.

महाडीबीटीवरचा अर्ज आधी कॉलेजात आणि मग संबंधित खात्यात तपासला जातो. त्रुटी असल्यास तो शेऱ्यासह विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवता येतो. कारणे बहुधा साधी असतात. उत्पन्नाचा दाखला जुना असतो, बँक खाते आधारला जोडलेले नसते, नाहीतर नावात फरक असतो. आपल्यात हा शेवटचा घोटाळा फार! शाळेच्या दाखल्यावर 'शेख' आधी, आधार कार्डावर शेवटी. दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वीच नावे जुळवून घ्या. अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नव्हे, स्वतःचा मोबाईल नंबर द्या.

वडिलांचा रोजगार गेला, धंदा बसला, तर तहसील कार्यालयातून नवा दाखला काढा. तो नाकारला किंवा ठरल्या मुदतीत दिला नाही, तर 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे 30 दिवसांत पहिले अपील करता येते. नकाराचे कारण लेखी मागा. मोमीन, अन्सारी अशा इतर मागास प्रवर्गातील कुटुंबांनी जातीचा व नॉन-क्रीमीलेअर दाखला वेळेत काढावा. 2024 पासून या प्रवर्गातील, तसेच आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

कॉलेजात गेलात तर भांडू नका, हात जोडून उभेही राहू नका. प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज लिहा. काय घडले, कोणते कागद जोडले, काय हवे, एवढेच त्यात असावे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणे विसरले जाते, कागद राहतो.

काही पालकांना मागायची लाज वाटते. बंधूंनो, ही खैरात नाही. आज फीसवलतीच्या योजनेला ज्यांचे नाव आहे, त्या राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात 1906 साली मुस्लिम बोर्डिंग निघाले. गरिबाच्या मुलाने शिकावे, ही या राज्याची जुनी रीत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातला अर्ज तुम्ही स्वतः वाचा, स्वतः भरा. शेजारच्या अडलेल्या मुलीचाही भरून द्या.