वाळूचें स्नान

नळाची तोटी सोडतांच स्वच्छ पाणी येतें, याचें आपणां नागपूरकरांस आतां नवल वाटत नाहीं. हें पाणी मुख्यत्वें पेंच प्रकल्पांतून व कन्हान नदींतून येतें, आणि गोरेवाड्यासारख्या केंद्रांत वाळूच्या थरांतून गाळलें जातें. असा थर साधारणतः ६० ते ७५ सेंटिमीटर जाड असतो. पाण्याचा मळ अंगावर घेतां घेतां वाळू मात्र स्वतः मळत जाते. म्हणून तिलाही वरचेवर स्नान घालावें लागतें.

धुण्याचें पाणी खालून वर सोडतात. वेग मंद असतो तोंवर वाळू हालत नाहीं; वेगाबरोबर पाण्याचा रेटा तेवढा वाढतो. हा रेटा वाळूच्या पाण्यांतील वजनाइतका झाला कीं कण सुटे होतात, आणि आधणांतल्या तांदळाप्रमाणें सारा थर खदखदूं लागतो. यापुढें वेग वाढविला तर रेटा वाढत नाहीं, थर फुगतो.

आतां यांतच हवा सोडली तर? थर अधिक फुगेल, असें कोणासही वाटेल. परंतु बारीक वाळूंत बहुधा उलट घडतें, थर आक्रसतो! प्रत्येक बुडबुडा वर जातांना आपल्या पाठीमागें थोडें पाणी वेगानें ओढून नेतो. कणांना तोलून धरण्यास मग पाणी कमी पडतें, व ते खालीं बसूं लागतात. शिवाय बुडबुड्यांमागून कांहीं वाळू उसळून वर येते, ती पन्हळींतून वाहून जाण्याची भीति असते.

म्हणून आपल्याकडील रूढ पद्धतींत प्रथम सुमारें ५ मिनिटें हवा सोडून कण एकमेकांवर घांसतात, आणि मागाहून पाण्यानें सुटलेला मळ काढतात. केवळ पाण्यानें फुगलेल्या थरांत कण दूर दूर असतात. घर्षण थोडेंच होतें. घांसण्यांत कसूर झाली तर चिखलाचे गोळे बनतात, थर जागोजागीं तडकतो, आणि पाणी नीट न गाळलें जातां फटींतून निसटतें. मग जंतूंचा नाश करण्याचा सारा भार क्लोरीनवर पडतो, आणि धोका घरांतल्या तान्ह्या मुलाला सर्वांआधीं पोंचतो.

पेल्यांतलें निर्मळ पाणी हें नुसतें वाळूचें देणें नव्हे. ती वेळेवर व क्रमानें धुणाऱ्या माणसाच्या दक्षतेचेंही तें फळ आहे.