मासिक वेदना आणि चिनी वैद्यक



आजचा विषय सुशिक्षित घरांतही दबल्या आवाजांत बोलला जातो. दर महिन्यास मुलगी पोट धरून पडून राहते, आणि "बाईच्या जातीला हें चालायचेंच" एवढें बोलून घर मोकळें होतें. येथें नाशकांत अनेक वर्षें हजेरीपट हाताळतांना त्या गैरहजेरीपुढें 'ताप' असें कारण लिहिलेलें मीं पाहिलें आहे. या वेदनेचा विचार चिनी वैद्यकानें कसा केला, हें आज पाहूं.

जेथें प्रवाह अडतो तेथें दुखतें, हें चिनी वैद्यांचें मूळ सूत्र. 'ची' नांवाची प्राणशक्ति आणि रक्त हीं थंडीनें अथवा मनस्तापानें तुंबलीं, कीं पाळीच्या वेळीं वेदना होतात, असें ते मानतात. आपल्या चरकसंहितेंतही वायूच्या उलट गतीमुळें होणाऱ्या अशाच व्याधीला 'उदावर्तिनी' म्हटलें आहे. चिनी वैद्य नाडी व जीभ पाहतो आणि विचारतो: दुखणें पाळीपूर्वीं कीं नंतर? दाबल्यानें बरें वाटतें काय? शेकानें उतरतें काय? उत्तरांप्रमाणें तो 'तांग-क्वेई' मुळीचा काढा, दवण्याच्या कुळांतील वाळलेल्या पाल्याची धग, किंवा सुया योजतो. आंतल्या घोट्याच्या वर चार बोटांवरील जागा यासाठीं विशेष मानलेली आहे.

या सुयांची विद्या, म्हणजे ॲक्युपंक्चर, आपल्याकडे आली ती एका जुन्या स्नेहांतून. १९३८ सालीं राष्ट्रसभेनें युद्धग्रस्त चीनकडे पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर व कलकत्त्याचे डॉ. बसू होते. कोटणीस १९४२ सालीं तेथेंच निवर्तले. बसूंनीं पुढें चीनमध्यें ही विद्या शिकून १९५९ सालीं कलकत्त्यांत ती सुरू केली. महाराष्ट्रानें २०१५ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र कायदा केला.

आतां गुण किती, हा प्रश्न. गर्भाशयाच्या अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें वाढून स्नायू आवळतात व कळा येतात, असें आधुनिक वैद्यक सांगतें. त्यांना रोखणाऱ्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतां येतात. सुयांविषयीं २०१६ सालच्या कॉक्रेन समीक्षेनें अनेक प्रयोग तपासले. पण निश्चित निर्णय देण्याइतका भक्कम पुरावा तिला आढळला नाहीं. उष्णतेची बाजू मात्र बळकट आहे. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ओटीपोटावरील सुमारें ३९ अंशांचा सततचा शेक वेदनाशामक गोळीइतकाच उपयोगी ठरला. तेव्हां आजीची गरम पाण्याची पिशवी अडाणीपणाची नव्हे. चिनी मुळ्या मात्र मनानें घेऊं नयेत. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असणाऱ्या स्त्रीला तांग-क्वेई अपायकारक ठरूं शकते.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगतों. वेदना वर्षानुवर्षें वाढत असेल, स्राव अति होत असेल, किंवा पाळी नसतांनाही दुखत असेल, तर शेक अथवा सुया यांवर विसंबून राहूं नये. गर्भाशयाचें अस्तर भलत्याच ठिकाणीं वाढण्यासारखा विकार त्यामागें असूं शकतो. अशा वेळीं स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच जावें.

चिनी वैद्याची एक रीत मात्र कोणत्याही घराला विनामूल्य घेतां येईल. तो दुखणाऱ्या व्यक्तीला प्रश्न विचारतो आणि तिचें उत्तर खरें मानतो. आईबापांनीं एवढें केलें, तर मुलीला वेदना सांगण्याचा धीर येईल, आणि उपचारही वेळेवर होतील.