दप्तरातली आपली माणसं

(पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)



किती जणांच्या आजोबांची जन्मतारीख 1 जून आहे? हात वर करा. बघा, अर्धा वर्ग! नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली ती तारीख. तिच्यावरून जन्म कळत नाही, पण नाव कोणत्या वर्षी घातलं हे शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतं. म्हणून सुरुवात तिथून करा. नुसता दाखला नको, मूळ नोंदीचा उतारा मागा. दाखल्यावर कधी पुढे बदललेलं आडनाव असतं. जुन्या पानावर जातच आडनाव म्हणून लिहिलेली असू शकते.

आपल्यातले बहुतेक जण दप्तराकडे वळतात ते जात पडताळणीमुळे. महाराष्ट्राच्या 2000 च्या कायद्यात जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे, आणि अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांना शाळेत बसू दिलं नाही, त्यांच्या नातवाने त्यांचा शाळेचा कागद आणायचा! शाळा नसेल तर गावची जन्म-मृत्यूची नोंद पाहा, गाव नमुना 14, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. तिथे बऱ्याचदा 'अमक्यास मुलगा झाला' एवढंच असतं. मरणाच्या खबरा गावोगाव पोचवायच्या महाराने, लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात. 'रेकॉर्ड जीर्ण आहे' असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे.

पण मला आज बोलायचंय ते जमिनीबद्दल. आमच्या घरी एकच वाक्य होतं : जमीन होती, पणजोबांनी दारूत घालवली. चुलते हे हसत सांगायचे, आजी उठून आत जायची. मी सातबारा काढला, त्यावरच्या फेरफार नंबरांवरून मागे मागे गेलो. गट नंबर मागे नेत नाही. एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर शोधावा लागतो. जमीन महार वतनाची निघाली. बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ गाव-वतनं रद्द झाली ती 1958 च्या कायद्याने. त्यात जमीन वतनदाराला पुन्हा मिळण्याची सोय होती, पण आकाराच्या पटीत ठरलेली रक्कम मुदतीत भरायची. आमच्या फेरफारात लिहिलंय : रक्कम भरली नाही, सबब जमीन सरकारजमा. दारूचा उल्लेख कुठेच नाही. ज्याला गावकीच्या कामाला रोख मजुरी कधी मिळाली नाही, त्याच्याकडून रोख मागितली गेली. आणि ही मुदत त्याला कुणी वाचून दाखवली होती का, हे कागद सांगत नाही. चुलत्यांनी ती नक्कल माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला.

त्याआधीचे कागद मोडीत आहेत. वाचणारे पानावर पैसे घेतात, त्यात गैर काही नाही. पण राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. तुमच्यातल्या दोघातिघांनी जरी शिकून घेतलं, तरी तालुक्याचं काम होईल.

बायका या सगळ्यात फार कमी भेटतात. भेटतात त्या नवरा मेल्यावर, वारस म्हणून, 'अमकी कोम अमका' अशा. माझ्या पणजीचं नाव मला असंच मिळालं. घरात तिला सगळे 'म्हातारी'च म्हणायचे, नाव कुणाला आठवत नव्हतं. फेरफाराची नक्कल मिळाली की लोक थांबतात. तुम्ही थांबू नका, सोबतचा वर्दीचा अर्जही मागा. तिच्या अर्जावर तिचा अंगठा आहे.