बाळंतीण उठली, पण बरी झाली का?

(शिर्डी परिसरातील जोडप्यांसमोर आरोग्य शिक्षिकेने केलेले भाषण)



आजचा विषय बाळंतपणानंतर बाईच्या शरीराला होणाऱ्या त्रासाचा आहे. विषय ऐकून मागच्या बाजूचे काही दादा चपला शोधू लागले आहेत. त्यांनी कृपया बसावे. बाईला दवाखान्यात कधी न्यायचं, गाडी कुणाची काढायची, पैसे कुठून आणायचे, हे अजून बहुतेक घरांत पुरुषच ठरवतो. मग तिला काय होतंय हे त्याला ठाऊक नको का?

आपल्याकडे सव्वा महिन्याचा हिशेब आहे. तो भरला, बाळंतीण देवाला जाऊन आली, की ती मोकळी झाली असे धरतात. दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा हंडा उचलते, पेरूच्या बागेत पाटी वाहते, नाहीतर पहाटे गुलाब तोडायला वाकते. डॉक्टरही बाळंतिणीला सहा आठवडे जपायला सांगतात, म्हणजे आजीबाईंचा सव्वा महिना काही खोटा नाही. पण सव्वा महिना झाला म्हणजे दुखणं संपलंच, आणि उरलं तर "बाईच्या जातीला ते असायचंच", हे मात्र खरं नाही.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ साली गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत ७७२ बाळंतिणींची घरोघर जाऊन पाहणी केली. बाळंतपणानंतर शंभरातल्या सुमारे ४३ जणींना काही ना काही त्रास झालेला होता. सर्वांत जास्त स्तनांचे, मग उशिरा होणारा रक्तस्राव, मग जंतुदोष. तेव्हा तिथली बाळंतपणं बहुतेक घरीच होत. आता आपण दवाखान्यात जातो. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत आहे. पण तीन दिवसांनी बाई घरी येते, आणि पुष्कळशी दुखणी घरी आल्यावरच डोकं वर काढतात.

बाळंतपणानंतर अंगावरून जाणं हे चार ते सहा आठवडे चालतं. आधी लाल, मग तपकिरी, मग पांढरट, असं ते कमी कमी होत गेलं पाहिजे. तासाभरात कापड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सासूबाईंचा काढा उकळत ठेवू नये. १०८ ला फोन करावा. घाण वास येतो आणि ताप आहे, म्हणजे पिशवीला जंतुदोष झाला. तिथेही त्याच दिवशी दवाखाना. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांना धूसर दिसणं, झटका, छातीत धाप, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, ही लक्षणंही उद्यावर ढकलण्याची नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. बाई रडते, आणि घरातलं कुणीतरी पाजणं थांबवायला सांगतं. उलट बाळाला वरचेवर पाजावे, उरलेलं दूध हाताने काढावे. बोंडाला चिरा पडल्या तर बहुधा बाळ नुसतं बोंडच तोंडात धरतं आहे; भोवतीचा काळा भागही त्याच्या तोंडात गेला पाहिजे. आशाताईंना दाखवा, त्या धरायला शिकवतील. गाठ, लाली आणि ताप असेल तर डॉक्टर औषध देतील. तेव्हाही पाजणं चालूच ठेवायचं असतं.

आता जे बाई कुणालाच सांगत नाही ते. खोकलं, शिंकलं की लघवीचे थेंब जातात. खाली ओझं ओढल्यासारखं वाटतं, 'अंग बाहेर येतं'. बसताना मूळव्याध दुखते. यातलं काहीही लाजेचं नाही. बाळाचं वजन आणि बाळंतपणाचा जोर सोसून ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात. पोट करकचून बांधल्याने ते आवळत नाहीत, उलट भार खाली येतो. त्यासाठी साधा व्यायाम आहे. लघवी अडवताना आपण जसं आतून आवळतो, तसं आवळायचं, पाच मोजायचे, सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाकऱ्या थापताना केला तरी कुणाला कळत नाही! सहा आठवडे जड हंडा, पाटी, खताची गोणी उचलू नये. अंग बाहेर येतच असेल तर दवाखान्यात आधाराची कडी बसवतात, काहींना शस्त्रक्रिया लागते.

पण पांढरं जातंय, कंबर दुखतेय, एवढ्यावर कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगठा उठवू नका. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यावर मी वेगळं काही बोलत नाही.

सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित त्रास म्हणजे रक्त कमी असणं. धाप लागते, पाय ओढत चालते, आणि घरचे म्हणतात आळशी झाली. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची एक लाल गोळी घ्यायची असते. ती जेवणानंतर, लिंबू-आवळ्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. शौच काळी होते, त्याला घाबरू नये. अळिवाची खीर, मेथी, शेपू जरूर द्या. पण पाणी प्यायला मना करणं आणि नुसता भात घालणं बंद करा. त्याने बद्धकोष्ठ होतो, दूधही आटते.

दादांनो, आता तुमच्याकडे येते. हे शरीर भरून यायला वेळ लागतो. पहिल्या बाळाला वर्ष होत नाही तोच दुसरं पोटात राहिलं, तर रक्त भरत नाही आणि सैल पडलेलं अंग आणखी खाली येतं. म्हणून दोन बाळांत तीन वर्षांचं अंतर सांगतो. "पाळी आली नाही, मग दिवस कसे राहतील?" हा भरवसा धोक्याचा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आत आहे, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध पितं आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच तो बराचसा खरा. एक जरी सुटली तरी साधन हवं. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं. 'छाया' गोळी आहे, निरोध आहे. संबंधाला घाई नको. जखम भरली आणि तिच्या मनात असेल तेव्हाच.

मुलं पुरे झाली असतील तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येतं, ताकद जात नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरावा लागतो.

एक व्यवहाराची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, नाव सासरच्या गावात नोंदलेलं असतं, आणि दोन्हीकडच्या आशाताईंना वाटतं दुसरी बघत असेल. माहेरी पोचल्याबरोबर तिथल्या आशाताईंना माता-बाल कार्ड दाखवा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. बाळाचं वजन झालं की त्यांना जाऊ देऊ नका. आईलाही विचारा म्हणावं, आणि तेवढा वेळ घरातल्या मंडळींनी ओट्यावर बसावं, म्हणजे तिला बोलता येईल.