आमचें वर्तन आणि आमचा धर्म

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें भाषण)



१८४५ सालीं संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी फ्रान्सकडील आनसी येथून हिंदुस्थानांत आले. १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि १९५५ सालीं त्यांतून अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण होऊन आमच्या वऱ्हाडास स्वतःचे महागुरुस्वामी लाभले. या इतिहासाचें गुणगान आमच्यापूर्वींच्या वक्त्यांनीं यथायोग्य केलेंच आहे. आमच्या वांट्यास आलेला विषय लहान आहे व, स्पष्ट बोलावयाचें तर, कांहींसा अडचणीचा आहे. अमरावतीच्या राजकमल चौकांतील एखाद्या दुकानदाराच्या, किंवा अकोल्याच्या ताजनापेठेंतील एखाद्या कारागिराच्या कानीं ‘ख्रिस्ती’ हा शब्द पडला असतां त्याच्या मनांत प्रथम काय उभें राहतें, एवढाच तो विषय आहे.

त्याच्या मनांत त्रैक्याचें गूढ उभें राहत नाहीं, कीं पवित्र मिस्साही उभी राहत नाहीं. कोणीतरी एक माणूस उभा राहतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत ख्रिस्ती लोकांचें प्रमाण शेंकडा ०.९६ भरलें, म्हणजे शंभरांत पुरता एकही नाहीं; आणि वऱ्हाडांत तर तें त्याहून पुष्कळच कमी आहे. वसईकडे गांवेंच्या गांवें ख्रिस्ती आहेत. तेथें एखादें घर बिघडलें तर लोक त्या घरास नांवें ठेवतात. आमच्याकडे सबंध आळींत एखादेंच ख्रिस्ती घर असतें, आणि तें बिघडलें तर नांवें धर्मास ठेवलीं जातात. हा न्याय नव्हे असें कोणी म्हणेल, व तें खरेंही आहे. परंतु जगाचा न्याय असाच चालतो, आणि आपणही इतर धर्मांच्या माणसांस पुष्कळदां याच मापानें मोजतों.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. ते आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हते, तरी मराठी ख्रिस्ती मनुष्यास ते परके नाहींत. १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें निघाले होते. डब्यांत एक युरोपीय गृहस्थ आधींच बसले होते. त्या काळीं गोऱ्या माणसाच्या डब्यांत शिरणाऱ्या हिंदी उतारूस काय काय ऐकून घ्यावें लागे, तें सांगावयास नको. या गृहस्थांनीं हंसतमुखानें टिळकांस जागा करून दिली. मग संस्कृत काव्यावर बोलणें निघालें, आणि शेवटीं येशू ख्रिस्ताविषयीं. उतरण्यापूर्वीं त्यांनीं टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनीं तें पुस्तक वाचावयास घेतलें. पण डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांचें मन तेथें गुंतलें. १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचें नांव टिळकांस पुढें कधींच कळलें नाहीं.

पुस्तकाचें सामर्थ्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु क्रम लक्षांत घ्या. पुस्तक शेवटीं आलें. आधीं बांकावर बसावयास जागा मिळाली. ज्या हातानें आपणांस प्रथम ढकललें, त्याच हातानें पुढें केलेलें पुस्तक उघडून पाहण्याइतका उदार कोण असतो?

याच्या उलट गोष्ट महात्मा गांधींनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. राजकोटास ते शाळेंत असतां शाळेजवळच्या कोपऱ्यावर उभे राहून मिशनरी लोक हिंदूंच्या देवतांची निंदा करीत. शिवाय ख्रिस्ती झालेल्या एका गृहस्थास गोमांस खावें लागलें, दारू प्यावी लागली व कपडे बदलून टोपी घालावी लागली, असें त्यांच्या कानीं आलें. त्या वयांत त्यांच्या मनांत ख्रिस्ती धर्माविषयीं जो तिटकारा बसला, तो यामुळें. ऐकलेल्या गोष्टींत तथ्य किती होतें, हा प्रश्न निराळा. पण पुढें त्याच गांधींनीं डोंगरावरील प्रवचन वाचलें, तेव्हां तें थेट त्यांच्या हृदयास भिडलें. प्रवचन तेंच, वाचणाराही तोच; मध्यें आड आलें होतें तें ख्रिस्ताच्या अनुयायांचें वर्तन. हें केवळ आमचेंच म्हणणें आहे असें नाहीं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेनेंही १९६५ सालीं असें मान्य केलें, कीं जगांत नास्तिकता वाढण्यास श्रद्धावंतांच्या वागण्यांतील दोष हेंही एक कारण आहे.

आतां आपल्या बाजाराकडे येऊं. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८९७ सालीं येथें कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा करावा लागला, आणि हिंदुस्थानांत अशा प्रकारच्या अगदीं आरंभींच्या कायद्यांत त्याची गणना होते. जेथें सर्वांचीं वजनें सरळ असतात तेथें कायद्याची गरज पडत नाहीं, हें उघड आहे. आज बाजारांत विजेचे काटे आले आहेत. परंतु वजनांत मारण्याची विद्या कांहीं लोपली नाहीं, तिनें केवळ जागा बदलली. आमच्या समाजांत अडते व व्यापारी थोडे. आमची माणसें बहुधा शाळेंत, इस्पितळांत, कचेरींत, रेल्वेंत नोकरी करणारीं. म्हणून तराजू आमच्या हातीं नाहीं असें समजूं नये. रात्रपाळीस ज्या परिचारिकेनें खेड्यांतून आलेल्या म्हातारीच्या हांकेस ओ दिली नाहीं, तिनें वजनांत मारलेंच. वर्गांत अर्धवट शिकवून उरलेलें घरच्या शिकवणीसाठीं राखून ठेवणारा मास्तर, आणि शेतकऱ्याचा कागद तीन खेपा घातल्याशिवाय न हलविणारा कारकून, यांचीही गोष्ट तीच. त्या शेतकऱ्याच्या एकेका खेपेस एकेक दिवसाची मजुरी बुडते.

उधारीचा विषय काढल्याशिवाय आम्हांस पुढें जाववत नाहीं. नाताळ जवळ आला कीं कपडे हवेत, फराळ हवा, घरास रंग हवा. किराणा दुकानदार ओळखीचा असतो, तो देतो. नाताळच्या दिवशीं आपण त्याच्या घरीं करंज्यांचें ताट झांकून पाठवितों, आणि तोही तें आनंदानें स्वीकारतो. मग उपवासकाळ येतो, पुनरुत्थानाचा सण येऊन जातो, आणि त्याच्या वहीवरची बाकी होती तेथेंच राहते. आपण त्या दुकानावरून जाणें टाळून दुसऱ्या गल्लीनें जाऊं लागतों. त्या ताटाचा अर्थ तो दुकानदार काय लावीत असेल? ज्याचें पीक बुडालें किंवा ज्याची नोकरी गेली, त्याविषयीं आम्ही हें बोलत नाहीं. त्यानें समोर जाऊन तसें सांगावें. वऱ्हाडचा दुकानदार इतका कठोर नसतो. आम्ही बोलतों तें पगार हातीं पडूनही गल्ली बदलणाऱ्यांविषयीं.

आमची आणखी एक संवय आहे. कोणी आमच्या वागण्यास दोष दिला कीं आम्ही लगेच शाळेकडे व दवाखान्याकडे बोट दाखवितों. परतवाड्याजवळ कोठारा येथें लेप्रसी मिशनच्या लोकांनीं, ज्यांस स्वतःच्या घरचेंही कोणी शिवत नव्हतें अशा कुष्ठरोग्यांचे व्रण पिढ्यान्‌पिढ्या धुतले; आमच्या ख्रिस्तसभेच्या सिस्टरांनींही ठिकठिकाणीं अशीच सेवा केली. लोक त्याबद्दल ‘ख्रिस्ती’ नांवाचा आदर करतात, आणि तो आदर आपण आयताच आपल्या खात्यावर जमा करून घेतों. व्रण त्यांनीं धुतले आणि मान आम्ही घ्यावा, हें शोभत नाहीं. शिवाय आजच्या दिवसांत सेवेच्या मागें कांहीं डाव असावा असा संशय घेणारेही पुष्कळ आहेत. तो संशय भाषणांनीं जाणार नाहीं. ज्यापासून आम्हांस कोणताच लाभ नाहीं त्याच्याशींही आम्ही तसेंच वागतों, हें वर्षानुवर्षें दिसलें तरच तो जाईल.

जातीची गोष्ट सर्वांत बोंचणारी आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं हिंदी ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवर सविस्तर लिहून ठेवलें आहे. धर्मांतर करूनही या लोकांत जात शिल्लक राहिली, आणि अन्यायाविरुद्ध उठण्याची धमक त्यांनीं दाखविली नाहीं, हा त्यांचा आक्षेप. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं नागपुरांत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या निर्णयाचीं कारणें अनेक होतीं, आणि तीं सर्व आपल्याकडे ओढून घेण्याचा उद्दामपणा आम्ही करणार नाहीं. पण आक्षेप लेखी आहे, आणि त्यास उत्तर देणें आपल्याकडे आहे. आमच्या मुलामुलींच्या लग्नाची बोलणीं निघतात, तेव्हां दाराआड हळूच जो प्रश्न विचारला जातो, तो आपणांस ठाऊक आहे. आमच्या शेजारीं राहणारीं बौद्ध कुटुंबें हें सर्व पाहत असतात.

आणि वऱ्हाडच्या लोकांजवळ मापही लहानसहान नाहीं. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांस आमच्या कित्येक घरांतील वडील मंडळींनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. हा पुरुष गांवांत आला कीं प्रथम झाडू हातीं घेई, कीर्तन त्यानंतर. कोणी पायां पडावयास आला तर त्यांना खपत नसे. १९५६ च्या डिसेंबरांत अमरावतीजवळ वलगांव येथें त्यांचें देहावसान झालें, तेव्हां त्यांच्यापाशीं स्वतःचें म्हणावें असें कांहीं नव्हतें. धर्मशाळा मात्र त्यांनीं गोरगरिबांसाठीं कित्येक उभ्या केल्या होत्या. ज्या लोकांनीं असा धर्म पाहिला, त्यांस आमची रविवारची स्वच्छ वस्त्रें पाहून समाधान कसें व्हावें?

संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाकडून आमच्या पूर्वजांस श्रद्धा मिळाली, म्हणून त्यांचें नांव घेणें येथें उचित आहे. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं प्रापंचिक लोकांस असें शिकविलें, कीं भक्ति ही मठापुरती नाहीं. दुकानदार, शिपाई, गृहिणी या प्रत्येकानें ती आपापल्या कामांत राहूनच करावयाची आहे. पुष्कळ प्रार्थना करणारा पण जिभेनें शेजाऱ्याचें काळीज कापणारा मनुष्य त्यांनीं भक्तांत धरला नाहीं. त्या सौम्य संताचें हें बोलणें सौम्य वाटलें, तरी सोपें नाहीं.

भाषण लांबलें आहे. एक विनंति करून आटोपतों. या महोत्सवासाठीं मंडपवाला, आचारी, वाजंत्री, बिछायत वाहणारे हमाल, असे पुष्कळ लोक गेले आठ दिवस राबत आहेत, आणि त्यांतील बहुतेक आमच्या धर्माचे नाहींत. खर्चाचे हिशेब पुढील सभेंत मंजूर व्हावयाचे आहेत असें आम्हांस कळतें. ती मंजुरी मागाहून अवश्य घ्यावी; परंतु या मंडळींचे पैसे आज रात्रीं मंडप उतरण्यापूर्वींच त्यांच्या हातीं पडावेत, आणि जेवावयास त्यांस आपल्याच पंगतींत बसवावें, असें कार्यकारी मंडळास आमचें सांगणें आहे.